जवसाच्या तेलाचं कापड चिकटच राहतंय. आणि आपल्या तेलांपासून गावात काय काय बनू शकतं?

निळं_फूल | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. गाव पवनी तालुक्यात, भंडारा जिल्हा. घरी धान, आणि धान उभा असतानाच बांधीतल्या ओलीवर फेकलेला जवस नि लाखोरी. जवस आता नावापुरता उरलाय, दोन बांध्या.

मागच्या महिन्यात माळा झाडताना आजेसासऱ्यांच्या वेळचं एक कापड निघालं. जाड, तांबूस-पिवळं, हाताला मेणकापडासारखं. मामंजी म्हणाले, हे बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, टाकायचं कापड. मांजरपाटाला जवसाचं तेल पाजून चैत्राच्या उन्हात वाळवायचे, तीनदा. घड्यांवर ते करकरून तुटलं, पण घड्यांच्या मधल्या भागावर मी तांब्याभर पाणी ओतलं तर एक थेंब खाली आला नाही. विकतची ताडपत्री आमच्याकडे दोन उन्हाळे काढत नाही. तिच्या चिंध्या वाऱ्यानं बांधीत जातात, चिखलणीला पायात येतात, गुरांच्या पोटात जातात. आमची एक गाय तशीच गेली, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता छंदाचा नाही.

लग्नाआधी मी नागपूरला बीएस्सी केलं, विषय केमिस्ट्री. पॉलिमर, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेला मोठा रेणू, म्हटलं की नायलॉन, पॉलिथिन आणि खनिज तेल एवढंच डोक्यात बसलेलं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, त्या तेलाचंच पॉलिमर होतं, हे पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ परीक्षेपुरती पाठ केली होती, ती आता माळ्यावर हाताला लागली.

मग मीही करून पाहिलं. तालुक्याच्या एक्स्पेलरवरून तेल काढून आणलं, आठ बाय सहा फुटांचं नवं मांजरपाट घेतलं, पाजलं, उन्हात टांगलं. आज बारावा दिवस आणि अजून चिकट. बोटाचा ठसा उमटतो. मामंजी म्हणतात, त्यांच्या वडलांचं पाचव्या दिवशी कोरडं व्हायचं. कुठं चुकतंय?

दुसरा प्रश्न मोठा आहे. जवस, करडई, सोयाबीन, सरकी, एरंडी, मोह, शिवाय लाख, बिब्बा, पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं). हे सगळं आपल्याकडे पिकतं आणि कच्चं बाहेर जातं. यातलं कशाचं काय होतं, आणि गावात काय करता येईल?

वार्निश_काका | १२ एप्रिल

ताई, मी ३१ वर्षं रंगाच्या कारखान्यात तेल शिजवलं. शिकलो नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, तेलाच्या विभागात. १९४२ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत तेल हा विषय पहिल्यापासून मानाचा. तुमचा धागा वाचून जेवण अर्धवट ठेवून लिहायला बसलो.

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांडीला लटकलेल्या तीन शेपट्या. शेपटी म्हणजे मेदाम्ल, बहुतेक वेळा १८ कार्बनची माळ. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास शेपट्या लिनोलेनिक आम्लाच्या असतात आणि तिच्यात तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन अडकलेला असतो त्याचा हायड्रोजन फार सैल. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथं शिरतो, पेरॉक्साइड तयार होतो, तो तुटतो आणि शेजारच्या रेणूच्या शेपटीशी गाठ बसते. गाठीवर गाठ बसत गेली की तेलाचं जाळं होतं. मग ते उष्णतेनं वितळत नाही, पाण्यात जात नाही. खरं वाटत नसेल तर काचेच्या पट्टीवर पातळ थर द्या आणि सोनाराच्या काट्यावर आज नि वाळल्यावर तोला. पाणी वाळलं की वजन घटतं. जवसाचं तेल वाळलं की वजन वाढतं, कारण त्यानं हवा खाल्लेली असते.

तेलात किती दुहेरी बंध आहेत ते आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाचं १७० ते २००. करडईचं १४० ते १५० च्या घरात. सोयाबीन १२० ते १४०, सरकी १०० ते ११५. एरंडी ९० च्या खाली, मोह त्याहून खाली. पहिली दोन वाळतात, सोयाबीन अर्धवट, सरकी चिकट होऊन बसते, बाकीची वर्षभर ठेवली तरी ओलीच.

आता तुमचं कापड. एक तर थर जाड दिला असेल. वर साय धरली आणि आतल्या तेलाला हवाच मिळाली नाही. पण बारा दिवस, तेही एप्रिलच्या उन्हात, म्हणजे मला तेलाचीच शंका येते. त्या एक्स्पेलरवर तुमच्या आधी काय काढलं होतं?

घाई म्हणून त्यात मुरदाडशिंग घालायला कोणी सांगेल, जुने लोक घालत. अजिबात घालू नका. ते शिसं आहे. २०१६ च्या नियमानं घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) केली ती उगाच नाही. रंगारी ज्याला बेल तेल म्हणतात ते शिजवलेलं जवसाचं तेल बाजारात मिळतं, त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचं सुकवण असतं. पण तुमच्या कापडाला ऊन पुरेसं आहे.

निळं_फूल | १३ एप्रिल

काका, आत्ताच फोन करून विचारलं. माझ्या आधी सरकी काढली होती, आणि घाणीत राहिलेलं तेल पहिल्यांदा माझ्याच डब्यात आलं. जवस थोडाच होता, त्यामुळे मिसळ मोठी झाली असणार. पट्ट्यांचा प्रयोग करते. वेगवेगळी तेलं, एकाच दिवशी, एकाच उन्हात.

कास्तकार_दारव्हा | १४ एप्रिल

ताई, धागा लय कामाचा हाय. माह्या वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) एरंडीचे चाळीसेक झाडं हायेत. एरंडीच्या तेलापासून नायलॉन होते असं आयकलं. खरं हाय का? आन होत असन तं आमच्या एरंडीले कोनी विचारत कायले नाही? दुसरं, पऱ्हाटी आमी दरवर्षी जाळतो. जाळाले बी जीव होत नाही, पन करनार काय?

खोली_नंबर_९ | १४ एप्रिल

भाऊ, एरंडीचं नायलॉन अगदी खरं आहे. मी पॉलिमर शिकतोय, पहिल्याच वर्षी सरांनी हे सांगितलं तेव्हा गावाकडचा धुरा आठवला होता.

एरंडी वाळत नाही, पण तिच्याकडे दुसऱ्या कुठल्या तेलाकडे नाही अशी गोष्ट आहे. तिच्या शेपट्यांपैकी ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्लाच्या असतात आणि बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट लटकलेला असतो. त्या तयार हातामुळे रसायनशास्त्राला पकड मिळते. या आम्लाचा मिथाइल एस्टर खूप तापवला की साखळी तुटते. एक तुकडा ७ कार्बनचा, तो अत्तरवाल्यांकडे जातो. दुसरा ११ कार्बनचा, अंडेसिलेनिक. त्यावर पुढे अमोनियाची क्रिया करून नायलॉन-११ बनतं. फ्रान्समध्ये १९४० च्या दशकात याचा शोध लागला आणि आजही गाड्यांच्या इंधनाच्या नळ्या, ट्रकच्या ब्रेकच्या हवेच्या नळ्या त्याच्या असतात. एरंडी कॉस्टिक सोड्याबरोबर जास्त तापवली तर सिबॅसिक आम्ल मिळतं, त्यातून नायलॉन ६,१०, ब्रशच्या केसांचं.

जगातली बहुतांश एरंडी भारतात पिकते, पण त्यातली बहुतेक गुजरातेत. तिथं सलग पीक आहे, जवळच तेलगिरण्या आहेत. आपल्याकडे धुऱ्यावर चाळीस झाडं, म्हणून व्यापारी फिरकत नाही. नायलॉन गावात होणार नाही, त्याला उंच तापमानाची भट्टी आणि घातक रसायनं लागतात. एरंडीचं पॉलियुरेथेनही होतं, फोम नि चिकटा. पण त्याला आयसोसायनेट नावाचं रसायन लागतं आणि त्याची वाफ फुप्फुसाला कायमचं दुखणं लावते. घरी कोणी करू नये, व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी.

सोयाबीनचं थोडक्यात: दुहेरी बंधांवर पेरॉक्साइडच्या मदतीनं ऑक्सिजन बसवला की एपॉक्सी तेल होतं. पीव्हीसी मऊ करायला ते वापरतात, बरणीच्या झाकणाच्या आतल्या रबरी कड्यातही असतं. सोयाबीनच्या फोमची गादी फोर्डनं २००८ च्या मस्टँग गाडीच्या सीटमध्ये घातली. त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्ट १९४१ मध्ये, हेन्री फोर्डनं शेतमालापासून केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांची मोटार लोकांसमोर आणली होती. मग युद्ध आलं, आणि पुढे खनिज तेल स्वस्त झालं.

पऱ्हाटीचा बोर्ड होतो. कापसाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सिरकॉट या केंद्रीय संस्थेनं ते तंत्र विकसित केलंय, नागपुरात त्यांचं जिनिंगचं केंद्र आहे. पण एक लक्षात घ्या, बोर्डात लाकूड पऱ्हाटीचं असलं तरी त्याला धरून ठेवणारा गोंद बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. पॉलिमरचा खरा प्रश्न त्या गोंदात आहे.

बिब्ब्याची_लेक | १६ एप्रिल

वाशिम जिल्हा. माझी आई पंचवीस वर्षं बिब्बे फोडते. आतली गोडंबी काढून विकायची, सुक्या मेव्यात जाते ती. वरच्या टरफलातलं तेल हातावर उडतं. राख नि तेल चोपडूनही बोटं जळतात, तोंडावर फोड येतात, रात्री अंग सुजतं. लहानपणी आईनं मला जवळ घेतलं की मला पुरळ यायचं, म्हणून ती हंगामात मला दूर झोपवायची. ते टरफल आम्ही कवडीमोलानं देतो. त्या तेलाचं काही होतं का, हे मला फार दिवसांपासून विचारायचंय.

वार्निश_काका | १६ एप्रिल

बेटा, होतं. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. बिब्ब्याच्या तेलात जे जळतं ते भिलावनॉल, म्हणजे कॅटेकॉलचं कडं आणि त्याला १५ कार्बनची शेपटी. जपानात ज्या झाडाच्या चिकापासून लाखेसारखी चकचकीत भांडी रंगवतात त्या चिकातलं उरुशिऑल याचंच सख्खं भावंड. तेही ओलं असताना अंगावर फोड आणतं आणि दमट हवेत घट्ट झालं की त्यातच जेवण वाढतात. धोब्याच्या खुणेची बिब्ब्याची शाई कपड्यावरून कधीच जात नाही, कारण तीही घट्ट होऊन धाग्याला बसलेली असते.

काजूच्या टरफलाच्या तेलाचा धंदा कोकणात उभा राहिला. ते तापवलं की कार्डेनॉल मिळतं, फॉर्मल्डिहाइडबरोबर त्याचं रेझिन होतं आणि ते गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. उष्णता आणि घर्षण दोन्ही सोसतं. बिब्ब्याचं तेल रसायनाच्या दृष्टीनं त्याच तोलाचं आहे. पण काजूच्या कारखान्यात टरफल यंत्रात फुटतं, तेल बंद टाकीत निघतं. बिब्बा मात्र अजून दगडावर, बाईच्या हातानं फुटतो. या मालाला उद्या भाव आला आणि फोडायची पद्धत हीच राहिली, तर जास्त बायकांचे हात जळतील. म्हणून आधी फोडायचं यंत्र आणि हातमोजे, मग तेल. हा क्रम मी कोणासाठी बदलणार नाही.

बिब्ब्याची_लेक | १६ एप्रिल

काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जपानच्या बायकांचे हात पण असेच असतील का?

वार्निश_काका | १७ एप्रिल

त्या कामात नव्यानं येणाऱ्यांना तिथंही पुरळ येतं, हे खरं आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

पळसबन | १९ एप्रिल

गोंदिया जिल्ह्यातून. लाखेचा उल्लेख आला म्हणून दोन ओळी. लाख हे किड्यानं केलेलं पॉलिमर आहे, पळस, कुसुम नि बोरीच्या फांद्यांवर. खनिज तेलाची प्लास्टिकं यायच्या आधी ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्याच असायच्या, ७८ फेऱ्यांच्या. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे. आमच्याकडे पळस भरपूर, पण बीजलाख (लाखेचे जिवंत किडे असलेली, नव्या झाडावर बांधायची फांदी) वेळेवर मिळत नाही आणि उन्हाळ्यात किडा मरतो. कुसुमावरची लाख पळसापेक्षा उजवी, तिला भावही बरा. कोणाला बीजलाख बांधायची माहिती हवी असेल तर मी लिहीन, इथं विषय वेगळा होईल.

सीताबर्डी | २३ एप्रिल

मी नागपुरात छोटं दुकान चालवतो. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर आणि पुन्हा १ जुलै २०२२ च्या केंद्राच्या बंदीनंतर 'मक्याची पिशवी, मातीत विरघळते' असं सांगून माल येतो. मी एक पिशवी घरामागच्या उकिरड्यात पुरली. आठ महिन्यांनी धुतली तर तशीच्या तशी. मला फसवलं का?

खोली_नंबर_९ | २३ एप्रिल

पिशवी कशाची होती त्यावर आहे, पण इथं दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. कशापासून बनलं आणि कुजतं का. नायलॉन-११ पूर्ण एरंडीचं, पण कुजत नाही. उसाच्या अल्कोहोलपासून ब्राझीलमध्ये पॉलिथिन करतात, ते नेहमीच्या पॉलिथिनइतकंच टिकतं. उलट पीबॅट नावाचं प्लास्टिक खनिज तेलाचं असून कुजतं. मक्याच्या साखरेपासून होणारं पीएलए कुजतं, पण त्याला ६० अंशांच्या आसपास सतत गरम नि ओला ढीग लागतो, मोठ्या कंपोस्ट कारखान्यात असतो तसा. घरच्या उकिरड्यात ती ऊब टिकत नाही. पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ लिहिलंय का ते पाहा. ते प्रमाणही कारखान्यातल्या ढिगासाठीच आहे, परसातल्या खड्ड्यासाठी नाही.

घाणीवाला_वर्धा | २५ एप्रिल

माझं मत थोडं वेगळं आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. जवसाचं तेल आमच्या पूर्व विदर्भात लोक पिढ्यान्पिढ्या खात आले, भाजीला, चटणीवर. ते कापडाला फासायचं हे मला पटत नाही. न खायच्या तेलांवर प्रयोग करा, करंज आहे, मोह आहे, कडुनिंब आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३० च्या दशकात गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं तेव्हा घाणीकडे पाहायची दृष्टी हीच होती की गावाचं तेल आधी गावाच्या ताटात.

निळं_फूल | २६ एप्रिल

दादा, हे मलाही टोचतं, म्हणून उत्तर द्यायला एक दिवस घेतला.

अडचण अशी की करंज, मोह, निंब यांत दुहेरी बंध कमी. ते वाळत नाहीत. त्यांच्यातल्या ओलेइक आम्लाचे ओझोननं दोन तुकडे करून अझेलिक आम्ल मिळवतात, त्याचं पुढे पॉलिमर होतं, पण तो कारखान्याचा खेळ. गावात, चुलीशिवाय, नुसत्या उन्हावर पॉलिमर होणारं तेल आपल्याकडे जवसाचं आणि थोडंफार करडईचं. जो गुण त्याला कापडासाठी चांगला करतो त्याच गुणानं ते लवकर खवट होतं. दोन महिने उघडं राहिलेलं तेल आम्ही ताटात घेत नाही, पण कापडाला ते चालतं, उलट लवकर वाळतं. माझं म्हणणं एवढंच की खवट झालेलं तेल आणि घाणीतला तळाचा गाळ-उपसा यापासून सुरुवात करावी. ढेप तर गुरांना आहेच.

आणि जवस ताटातून गेला तो कापडामुळे नाही. भाव नाही, मळणीला माणूस नाही, म्हणून गेला. आमच्या गावात माझ्या लग्नाच्या वर्षी निळी फुलं दिसायची त्या बांध्या आता पडीक असतात. तेलाला दोन गिऱ्हाइकं असली तर तो परत येईल असं मला वाटतं.

घाणीवाला_वर्धा | २६ एप्रिल

खवट तेलाचं पटलं. माझ्याकडे दर हंगामाला पाच-सात लिटर निघतं, ते मी फेकत होतो. घेऊन जा.

निळं_फूल | ९ मे

पट्ट्यांचा निकाल. काचेच्या सहा पट्ट्या, घरच्या जवसाचं नवं तेल (या वेळी एक्स्पेलर आधी आमच्याच जवसानं धुऊन घेतला), करडई, सोयाबीन, सरकी, एरंडी, आणि माझं जुनं मिसळलेलं. जवस पाचव्या दिवशी कोरडा, नखानं ओरखडा ओढला तर कातडीसारखा निघाला. करडई आठव्या दिवशी, रंग मात्र जवसापेक्षा कितीतरी फिका. सोयाबीन घट्ट झालं पण बोटाला धरतं. सरकी आणि मिसळ दोन्ही अजून चिकट, हुबेहूब माझ्या कापडासारखी. एरंडी पहिल्या दिवशी होती तशी. जवसाच्या पट्टीचं वजन वाढलं, काका! सोनार दोनदा तोलून म्हणाला, तुम्ही वरून काही लावलंय.

एक वाईटही घडलं. नव्या कापडाला तेल पाजताना वापरलेल्या चिंध्या मुलानं गोळा करून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकल्या. दुपारी तीनला धूर. आग जवळपास कुठंच नव्हती. वेळेत दिसलं म्हणून तणसाला लागलं नाही.

वार्निश_काका | ९ मे

ही माझी चूक, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गाठी बसताना उष्णता बाहेर पडते. कापड पसरलेलं असलं तर ती हवेत जाते, गोळ्यात कोंडते, तापल्यानं क्रिया आणखी वेगानं होते, आणि चिंधी आपोआप पेटते. रंगाच्या कारखान्यात या चिंध्या पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकतात. तुम्ही एकेक करून उन्हात दोरीवर पसरा, करकरीत झाल्या की मग टाका. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आधी ही ओळ वाचावी.

तुमच्या पट्टीवरची ती कातडी पाहून इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनला सुचलं होतं. १८६० च्या सुमारास रंगाच्या डब्यावरची सुकलेली साय हातात घेऊन त्यानं विचार केला, ही मुद्दाम का बनवू नये. त्यात राळ, बुचाचा भुसा घालून तागाच्या कापडावर लाटलं, आणि लिनोलियम झालं. जवसाचं लॅटिन नाव लिनम, तेल म्हणजे ओलियम. दवाखान्यांच्या, शाळांच्या फरशीवर ते अजून घालतात.

कास्तकार_दारव्हा | १० मे

ताई, एका कापडाले किती तेल लागलं ते सांगा. आन किती दिवस टिकन?

निळं_फूल | ४ जुलै

दादा, उत्तराला उशीर झाला, पेरण्या होत्या. आठ बाय सहाच्या मांजरपाटाला पहिल्या हाताला पाऊण लिटर, नंतरच्या दोन हातांना मिळून अर्धा लिटर. प्रत्येक हात कापडानं पुसून पातळ करायचा, पाच दिवस उन्हात, मगच पुढचा. ओघळ दिसला की तिथं चिकट राहणार. तिन्ही हात मेमध्येच द्या, पावसाळी हवेत वाळायला फार वेळ लागतो. खर्च धरला तर विकतच्या ताडपत्रीपेक्षा हे महाग पडलं. घाणीवाले दादांच्या खवट तेलावर केलेलं दुसरं कापड जवळपास बरोबरीत आलं.

मृगाचा पाऊस त्यानं काढला. धानाच्या बियाण्याच्या पोत्यांवर टाकलं होतं, पोती कोरडी. वास आठवडाभर येतो, मग जातो. हे पुन्हा वितळवून दुसरं काही करता येत नाही.

किती टिकेल ते मी आजेसासऱ्यांच्या कापडावरून सांगते. ते गेलं ते फक्त घड्यांवर. जाळं वर्षानुवर्षं हवा खातच राहतं, कडक होतं, आणि मोडलेल्या जागी तुटतं. म्हणून घडी घालायची नाही. मी बांबूवर गुंडाळून ठेवलंय, तेलाची बाजू वर, मध्ये जुनी लुगडी घालून, नाही तर उन्हाळ्यात थरावर थर चिकटतो.

बिब्ब्याच्या ताई, तुमच्या आईंसाठी काकांनी बिब्बे फोडायच्या यंत्राचा एक नकाशा काढून पाठवलाय, पायानं दाबायचं, टरफल लाकडी खोक्यात राहतं. आमच्या गावचा लोहार करून द्यायला तयार आहे. मापं जुळवायला मला चार ओले बिब्बे पाठवा, डब्यात बंद करून.